चादरीवरचा मोर आणि लियॉनचा विणकर

माझ्या लहानपणच्या थंडीला सोलापुरी चादरीचा वास आहे. नवी चादर घरात आली की तिला सुताचा आणि खळीचा कोरा वास यायचा. दोन धुण्यांत तो उडून जाईपर्यंत ती कोणी पांघरायची यावरून आम्हा भावंडांची भांडणे चालायची. त्या चादरीवर एक मोर होता. एका बाजूने पाहिले की पांढऱ्यावर लाल मोर, आणि चादर उलटली की तोच मोर लालवर पांढरा. तापात पडून असताना मी तासन्‌तास ती चादर उलटसुलट करून पाहत असे. मोर छापलेला असेल तर मागच्या बाजूला इतका स्वच्छ कसा उमटला, आणि तोही रंगांची अदलाबदल करून?

या प्रश्नाचे उत्तर मला शेजारच्या काकांनी दिले. सोलापूरच्या पूर्व भागात आमचे बिऱ्हाड होते आणि आजूबाजूला बहुतेक घरे पद्मशाली विणकरांची. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि दिवसभर मागांचा खडखडाट. काका माग चालवत नसत. त्यांचे काम कार्डे पंच करण्याचे. चौकटीच्या कागदावर रंगवलेली नक्षी समोर ठेवायची आणि जाड पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना तिच्याबरहुकूम भोके पाडायची. त्यांनी मला सांगितले की मोर कोणी छापत नाही, तो विणला जातो आणि तो या भोकांत असतो. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. शेकडो पट्ट्या एकमेकींना दोऱ्याने बांधून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवली, की यंत्र ती एकेक करून वाचते. त्या वरच्या सांगाड्याचे नाव त्यांनी सांगितले जॅकार्ड. पुढे कित्येक वर्षे मी ते एखाद्या सुट्या भागाचे किंवा कंपनीचे नाव समजत होतो. ते एका माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस विणकराचा मुलगा होता, हे कळायला मला कॉलेजात जावे लागले.

त्या माणसाची गोष्ट सांगण्याआधी थोडे कापडाविषयी बोलू. आपण जन्मभर कापड अंगावर वागवतो, पण ते विणतात कसे हे फारसे कुणी पाहत नाही.

मागावर आधी उभे धागे ताणून लावलेले असतात. तो ताणा. त्यांतले काही धागे वर उचलले की मध्ये एक फट पडते आणि त्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो. तो बाणा. मग फणीने ठोकून तो धागा आधीच्या धाग्याला चिकटवायचा, आणि दुसरे धागे उचलायचे. जगातले बहुतेक सारे विणलेले कापड एवढ्याच हालचालींतून होते. फरक पडतो तो कोणत्या वेळी कोणते धागे उचलायचे यात.

एक सोडून एक धागा उचलला आणि पुढच्या फेरीला उरलेले उचलले, तर साधी वीण होते. मांजरपाट, मलमल, वायल, पॉपलिन, साधी खादी ही सारी याच विणीची भावंडे. धाग्याची जाडी आणि दाटी बदलली की नाव बदलते, वीण तीच. दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून बाणा नेला आणि दर फेरीला एकेक धागा सरकत गेले, तर कापडावर तिरप्या रेघा उमटतात. हे ट्विल. आपल्या शाळेच्या खाकी चड्डीचे ड्रिल आणि आजच्या मुलांची जीन्स याच जातीची. जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी का, तर तिचा ताणा निळा, बाणा पांढरा आणि निळे धागे तीनदा वर, एकदाच खाली, म्हणून. तिसरी वीण साटीनची. इथे धागा चार किंवा अधिक धाग्यांवरून मोकळा जातो आणि मग एकदाच खाली अडकतो. मोकळ्या धाग्यांवर उजेड पसरतो, म्हणून साटीन चमकते. आणि त्याच मोकळेपणामुळे बांगडी अडकली की त्याचा धागा ओढला जातो. ज्या टॉवेलसाठी सोलापूर ओळखले जाते, त्यात ताण्याचे दोन संच असतात. एक ताठ, एक सैल. दोनतीन बाणे घालून फणीने ते एकदम पुढे रेटले की सैल धाग्यांचे लूप उभे राहतात आणि तेच पाणी टिपतात.

या साऱ्या विणींना उभे धागे गटागटाने उचलले तरी चालते. दोन, चार, आठ चौकटी पुरतात. पायाखालच्या फळ्या आलटून पालटून दाबल्या की काम होते. पण मोर काढायचा झाला तर? त्याच्या मानेची वळणदार रेघ प्रत्येक फेरीत वेगळ्या जागी असते. तिथे प्रत्येक धाग्याला स्वतंत्रपणे सांगावे लागते, तू वर ये, तू थांब. आपल्या पैठणीचा विणकर हे कोडे हाताने सोडवतो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी घेऊन तो नक्षीच्या जागेपुरताच रंगीत धागा गुंफतो, म्हणून एका साडीला महिने लागतात. बनारसच्या विणकरांनी मागावर दोऱ्यांचा जाला बांधला आणि त्या ओढायला दुसरा माणूस बसवला. युरोपातही हाच दुसरा मार्ग चालत असे. जोसेफ मारी जॅकार्डचा जन्म झाला तो अशाच मागांच्या गावात.

फ्रान्समधील लियॉन हे रेशमाचे शहर. राजवाड्यांचे पडदे, सरदारांचे अंगरखे, धर्मगुरूंची वस्त्रे तिथे विणली जात. ७ जुलै १७५२ रोजी तिथे जोसेफचा जन्म झाला. फ्रेंच लोक त्याच्या आडनावाचा उच्चार झाकारसारखा करतात. आपल्या विणकरांनी त्याचे जॅकार्ड केले. वडील जरीकाठी रेशीम विणणारे कसबी विणकर, स्वतःचे माग असलेले. आई नक्षी वाचणारी. हे काम काय, ते समजून घेतले पाहिजे. चित्रकाराने चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी ओळीओळीने वाचायची आणि कोणत्या फेरीला कोणते धागे उचलायचे ते मागाच्या दोऱ्यांमध्ये बांधून ठेवायचे. म्हणजे फुलाचे रूपांतर दोऱ्यांच्या गाठींत करायचे. आमचे काका पंचाने जे करीत, तेच ती माउली हाताने करत होती.

या दोऱ्या ओढायला मागाशेजारी एक मूल उभे असे, पुष्कळदा मुलगी. विणकराने खूण केली की तिने त्या फेरीचा दोऱ्यांचा जुडगा ओढून धरायचा. हजारो धाग्यांचे आणि त्यांना ताठ ठेवणाऱ्या वजनांचे ओझे त्या जुडग्यावर. धोटा पलीकडे गेला की सोडायचा आणि पुढचा ओढायचा. असे सकाळपासून रात्रीपर्यंत. कापड मात्र इंचाइंचाने पुढे सरकायचे. या कामाने मुलांची शरीरे वाकडी होत. जोसेफलाही वडिलांनी लहानपणी हेच काम दिले आणि त्याला ते सोसले नाही, अशी आठवण परंपरेने सांगितली जाते.

नऊ भावंडांपैकी तो आणि एक बहीण एवढीच मोठी झाली. तो दहा वर्षांचा असताना आई गेली. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते. तेराव्या वर्षाच्या सुमारास बहिणीच्या नवऱ्याने त्याला लिहायला वाचायला शिकवले. हा मेहुणा छापखानेवाला आणि पुस्तकविक्रेता. मला या ठिकाणी नेहमी थांबावेसे वाटते. नक्षी वाचणाऱ्या आईचा मुलगा, ज्याला स्वतःला अक्षर उशिरा भेटले, त्याने पुढे वाचता येणारे यंत्र घडवले.

पण ते पुढे, फार पुढे. १७७२ मध्ये वडील वारले आणि वीस वर्षांच्या जोसेफच्या हाती घर, माग, जवळच्या गावातला द्राक्षमळा आणि दगडाची खाण आली. आपल्याकडच्या एखाद्या वारसदार पोरासारखे त्याने ते सारे काही वर्षांत घालवले. १७७८ मध्ये क्लोदीन नावाच्या विधवेशी लग्न केले, तिच्याकडचेही थोडे होते ते कर्जात गेले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. नंतरची वर्षे हलाखीची. तो मिळेल ते काम करीत हिंडला. चुन्याच्या भट्टीवर आणि खाणीतही त्याने मजुरी केली, असे सांगतात. बायको गवती टोप्या करून घर चालवत होती.

मग क्रांती आली. १७९३ मध्ये लियॉन शहर पॅरिसच्या क्रांतिकारी सत्तेविरुद्ध उठले आणि त्याला वेढा पडला. बापलेक दोघेही शहराच्या बाजूने लढले. शहर पडले तेव्हा पळाले आणि जीव वाचवण्यासाठी ज्यांच्याशी लढले त्यांच्याच सैन्यात भरती झाले. युद्धात मुलगा गेला. जोसेफ एकटा लियॉनला परतला तेव्हा वयाची पंचेचाळिशी उलटली होती. हाती ना माग, ना मळा, ना वारस.

ज्या वयात आपल्याकडे माणूस निवृत्तीचे हिशेब मांडू लागतो, त्या वयात हा यंत्राच्या नादाला लागला. नक्षी विणताना दोऱ्या ओढणाऱ्या मुलाची गरज पडू नये असा माग त्याने तयार केला आणि १८०० च्या डिसेंबरात त्याचे पेटंट घेतले. १८०१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले. पुढे मासेमारीची जाळी विणणारे यंत्रही त्याने केले. त्यामुळे त्याला पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात बोलावणे आले. तिथे एक जुना, अडगळीत गेलेला माग त्याच्या दृष्टीस पडला.

तो माग व्होकान्सन नावाच्या कारागिराने १७४५ मध्ये केला होता. हा व्होकान्सन यंत्राची चालती-बोलती खेळणी करण्यासाठी प्रसिद्ध. त्याच्याही आधी, १७२५ मध्ये, लियॉनच्याच बुशाँने भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीने धागे निवडण्याची युक्ती काढली होती. बुशाँ हा ऑर्गन वाद्य बनवणाऱ्याचा मुलगा. तीन वर्षांनी फाल्काँने गुंडाळीऐवजी एकमेकांना बांधलेली पुठ्ठ्याची कार्डे वापरली. म्हणजे भोकांची कल्पना जॅकार्डची नव्हती, कार्डांची नव्हती, माणसाच्या मदतीवाचून चालणाऱ्या मागाचीही नव्हती. त्याने त्या तिघांच्या सुट्या गोष्टी एकत्र आणल्या आणि विणकर एकटा चालवू शकेल असे यंत्र केले. आयुष्यभर मागाशेजारी वावरलेल्या माणसालाच हे जमले असावे. कुठे दोरी अडकते आणि कुठे पाठ भरून येते, हे त्याच्या अंगात भिनलेले होते.

यंत्राची रचना डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. मागाच्या माथ्यावर आकड्यांच्या रांगा उभ्या असतात. प्रत्येक आकड्याला खाली दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांना ताण्याचे धागे. प्रत्येक आकड्याला एक आडवी सळई टेकलेली. एका चौकोनी लाटण्यावरून कार्डांची माळ फिरते. लाटण्याने पाव फेरा घेतला की नवे कार्ड सळयांपुढे येऊन दाबते. जिथे भोक असेल तिथे सळई आत शिरते, आकडा जागीच राहतो आणि वर जाणाऱ्या पट्टीबरोबर उचलला जातो. जिथे भोक नसेल तिथे पुठ्ठा सळईला मागे ढकलतो, आकडा पट्टीवरून निसटतो आणि धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक फेरी. विणकराने पाय दाबायचा, धोटा फेकायचा. लक्षात ठेवायचे काम कार्डांचे. एकच माळ पुन्हा पुन्हा फिरवली की तोच मोर पुन्हा पुन्हा नाचतो. माळ बदलली की मागावर कमळ फुलते.

१८०५ च्या एप्रिलमध्ये नेपोलियन लियॉनला आला आणि त्याने हा माग पाहिला. यंत्राचा हक्क शहराकडे गेला. जॅकार्डला वर्षाला तीन हजार फ्रँकचे तहहयात वेतन आणि पुढची काही वर्षे प्रत्येक मागामागे पन्नास फ्रँक मिळायचे ठरले. पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाला प्रथमच दोन वेळची निश्चिंती लाभली.

गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात छान बसली असती. पण लियॉनचे विणकर त्याच्यावर संतापले होते. त्याच्या मागाची भर चौकात मोडतोड झाली आणि त्याला जिवाच्या भीतीने पळावे लागले, अशा हकिकती पुढे रूढ झाल्या. त्यांत तिखटमीठ किती हा भाग सोडला तरी राग खरा होता, आणि तो समजण्यासारखा होता. दोऱ्या ओढणारी ती पोर कष्टत होती, पण तिची मजुरी घरी जात होती. यंत्राने तिची पाठ वाचवली आणि तिचा घासही घेतला. शिवाय सुरुवातीचे यंत्र कुरकुरत असे. ते नीट चालते झाले १८१५ च्या सुमारास, ब्रेताँ नावाच्या दुसऱ्या एका कारागिराने कार्डे पुढे सरकवण्याची पद्धत सुधारली तेव्हा. त्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही.

तरी माग पसरत गेला. त्याच्या माथ्यावरचा हा सांगाडा इतका उंच असे की लियॉनच्या क्रुआ-रूस टेकडीवर विणकरांसाठी उंच छतांची नवी घरे बांधली गेली. ती अजून उभी आहेत. स्वस्त झालेल्या नक्षीदार रेशमाला गिऱ्हाइके वाढली, शहराची भरभराट झाली. पण भरभराट व्यापाऱ्यांच्या पेढीवर आधी पोचते. विणकराला गजावर मजुरी मिळे आणि ती खाली येत गेली. १८३१ च्या नोव्हेंबरात विणकरांनी किमान दरासाठी उठाव करून शहर काही दिवस ताब्यात घेतले. १८३४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उठाव झाला आणि तो सैन्याने रक्तात बुडवला. त्या वेळी जॅकार्ड शहराजवळच्या उलँ गावी म्हातारपण काढत होता. १८१९ मध्ये त्याला फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला होता. ७ ऑगस्ट १८३४ रोजी, त्या उठावानंतर चारच महिन्यांनी, बयाऐंशीव्या वर्षी तो वारला. तेव्हा त्याच्या मनात काय होते याची कल्पना आपण ज्याने त्याने करावी.

सहा वर्षांनी त्याच लियॉनने त्याचा पुतळा उभारला. त्याहून बोलके स्मारक १८३९ मध्ये कार्किया नावाच्या विणकराने केले. काळ्या-पांढऱ्या रेशमात त्याने जॅकार्डची तसबीर विणली. ती इतकी बारीक की पाहणाऱ्याला ते कागदावरचे छापील चित्र वाटावे. त्यासाठी चोवीस हजार कार्डे लागली. चित्रात म्हातारा जॅकार्ड खुर्चीत बसला आहे आणि हातातल्या कर्कटकाने कार्डाची पट्टी मोजतो आहे.

या तसबिरीची एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेजने मिळवली आणि तो ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवत असे. गणिते सोडवणाऱ्या ज्या यंत्राचे आराखडे तो तेव्हा आखत होता, त्याला हुकूम देण्यासाठी त्याने मागाची भोके असलेली कार्डेच योजली होती. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पण १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत होलेरिथने भोकांच्या कार्डांवरून माणसे मोजली, आणि पुढे कित्येक दशके संगणक ही कार्डेच वाचत राहिले.

यातले शेवटचे टोक मी स्वतः पाहिले आहे. सत्तरच्या दशकाअखेरीस पुण्यात शिकत असताना संगणकाच्या तासाला आम्हाला पंच कार्डांचा गठ्ठा मिळे. दिवाळीच्या सुट्टीत त्यातली चारदोन मी ऐटीत सोलापूरला नेली आणि काकांना दाखवली. त्यांनी एक कार्ड उजेडाकडे धरले, भोकांवरून बोट फिरवले आणि विचारले की यात नक्षी कोणती आहे. नक्षी नाही, हिशेब आहेत, असे मी सांगितले. ते हसले. त्यांच्या लेखी मोरसुद्धा एक हिशेबच होता. जॅकार्ड हे नाव कोणाचे, ते मी त्यांना त्याच दिवशी सांगितले. विणकराच्या घरातला होता म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. ते त्यांना अपेक्षितच असावे.

१९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आला. आता कार्ड नाही, नक्षी संगणकात असते आणि चुंबक आकडे निवडतात. मागाकडून संगणकाला दिलेली वस्तू दीडशे वर्षांनी मागाकडे परत आली, आणि येताना काकांच्या हातचे काम घेऊन गेली. आमच्या भागात हा बदल सावकाश आला. जुने सांगाडे पुष्कळ दिवस खडखडत राहिले, पण पंचिंगचे काम आटत गेले. काकांनी शेवटी दुकान बंद केले तेव्हा कार्डांच्या माळा रद्दीत वजनावर गेल्या. त्यांनी कोणावर राग धरला नाही. मुलाला या कामात घातले नव्हते, तो संगणक शिकला, एवढे ते समाधानाने सांगत. त्यांची स्वतःची नजर मात्र त्या चौकटीच्या कागदांनी केव्हाच अधू झाली होती.

म्हणून जॅकार्डचे चरित्र वाचताना मला तो संतही वाटत नाही आणि विणकरांचा वैरीही वाटत नाही. दोऱ्या ओढणाऱ्या पोरीचे हाल त्याला पाहवले नाहीत, हे खरे. ती उद्या काय खाईल याचे उत्तर त्याच्या यंत्रात नव्हते, हेही खरे. ते उत्तर यंत्राकडे कधीच नसते. ते पेढीवर बसणाऱ्यांनी आणि राज्य चालवणाऱ्यांनी द्यायचे असते, आणि ते उशिरा देतात.

ती चादर अजून माझ्याकडे आहे. कडा विरल्या आहेत, लाल रंग विटकरी झाला आहे. मागच्या थंडीत नातवाने ती उलटून पाहिली आणि मोराचा रंग कसा बदलला असे मला विचारले. मी त्याला खिडकीशी नेले, कापड उजेडात धरले आणि उभे धागे कोणते, आडवे कोणते, तिथून सुरुवात केली.